नऊ नंबरचे दात

आमच्या कारखान्यात मॅचचा अंदाज तोंडी सांगितला तर धरत नाहीत. तो ओल्या प्लास्टरवर कोरावा लागतो. रबरी वाटीत प्लास्टर कालवायचं, साबणाच्या वडीएवढा तुकडा थापायचा, मेण कापायच्या सुरीनं त्यावर लिहायचं आणि वर तीच वाटी पालथी घालायची. दहा मिनिटांत प्लास्टर आळतं, मग कितीही पश्चात्ताप झाला तरी अक्षर हलत नाही. मॅच संपली की वाट्या उचलायच्या आणि ज्याचा अंदाज चुकला त्यानं त्या दिवशी प्लास्टरचं सिंक घासायचं. नियम माझ्या बाबांनी केला आणि सिंक सगळ्यात जास्त वेळा मी घासलं. आमच्या घरातलं सगळं यात आलं.

कारखाना म्हणायचं आपलं. दातांच्या दवाखान्याखालच्या दोन खोल्या आहेत. वर डॉक्टरीणबाई लोकांचे दात काढतात, खाली आम्ही कवळ्या बनवतो. बाहेरच्या खोलीत माझं टेबल. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाचे पत्रे आणि जबड्यासारखे उघडमीट करणारे पितळी सांगाडे. त्यांत मी एकेक दात मेणात बसवते. आतल्या खोलीत प्लास्टर ओततात, आणि ते ओतणाऱ्या माणसालाही आम्ही प्लास्टरच म्हणतो, कारण गेल्या अठरा वर्षांत त्याच्या भुवयांचा खरा रंग कोणी पाहिलेला नाही. पॉलिशच्या मोटरवर मावशी बसतात. त्या आमच्यापैकी कोणाच्याच मावशी नाहीत, पण त्यांना दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नाही.

खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा. चाळीस वर्षं कवळ्या बनवल्या, आता हात थरथरतो म्हणून नुसत्या तपासतात. मी केलेली प्रत्येक कवळी उजेडात धरायची, डावीकडून बघायची, उजवीकडून बघायची, आणि साच्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारून माझ्याकडे सरकवायची. बावीस वर्षांत माझी एक कवळी पहिल्या फटक्यात पास झालेली नाही. एक! लोक माझ्या कवळ्यांनी सुपाऱ्या फोडतात, पण बाबांची फुली काही चुकत नाही.

आइस हॉकीचं वेड आम्हाला धंद्यातून लागलं. आमच्यापैकी कोणी आयुष्यात बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही. पण बाकीच्या खेळांत दात पडला तर तो अपघात असतो, आणि या खेळात पडला नाही तर माणूस मन लावून खेळला का, अशी शंका येते. हे एकदा टीव्हीवर बघितलं आणि बाबा हातातलं काम सोडून उभेच राहिले. तेव्हापासून दरवर्षी जागतिक स्पर्धेचे दोन आठवडे आमच्याकडे दुसरा विषय नसतो. देशांची नावं आम्ही घेत नाही. जर्सीचा रंग आणि पाठीवरचा नंबर, बस्स. हेल्मेटात चेहरे दिसतात कुठे? दिसतं ते तोंड, आणि तोंडातलं आम्हाला कळतं.

बाबांचं म्हणणं असं, की ज्या संघाचे समोरचे दात कमी तो संघ भारी, कारण अशा माणसाला काठीची भीती उरलेली नसते. प्लास्टरचं उलटं. दात शाबूत आहेत याचा अर्थ तिथपर्यंत कोणी पोचूच शकलं नाही, म्हणून तो संघ भारी. दोघं या मुद्द्यावर एकदा तीन दिवस बोलत नव्हते. मावशी म्हणतात, "दोघंही गप्प बसा. राष्ट्रगीत चालू असताना कोण तोंड भरून उघडतो ते बघा. ज्याला आपल्या तोंडाची लाज नाही तो जिंकतो." मावशींचे अंदाज सगळ्यात जास्त बरोबर येतात. ते कसे, याचा कोणालाच पत्ता लागत नाही.

आता खरी गोष्ट.

मागच्या वर्षी बाबांचे उरलेले सहा दातही काढावे लागले. तेव्हापासून ते रुमाल तोंडाला लावूनच बोलतात आणि हसणं तर बंदच. खायचं काय, तर कुस्करलेलं केळं, दूध, पातळ सूप. पँट कमरेला नाडीनं बांधावी लागते, शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलते. यंदा स्पर्धेच्या तोंडावर डॉक्टरीणबाईंनी मला वर बोलावून सरळ सांगितलं, "हिरड्या झिजत चालल्यात. महिन्याभरात माप घेतलं नाही, तर खालची कवळी मी कशावर बसवू? आणि त्यांचं वजन बघितलंस का तू?" बघायला कशाला हवं? रोज त्यांना स्कूटरवर मागं बसवून आणते मी. मागं कोणी बसलंय की नाही, हे वळून बघावं लागतं.

मी बाबांना समजावलं, भांडले, रडले. शेवटी त्यांनी काय करावं? प्लास्टर कालवायला लावलं, थरथरत्या हातानं कोरलं, "लाल संघ कप जिंकल्याशिवाय कवळी लावणार नाही," आणि ती वडी माझ्याच टेबलासमोर उभी करून ठेवली.

लाल संघ! अहो, लालांनी आजवर एकदाच कप जिंकलाय, त्यालाही अकरा वर्षं झाली. सध्या त्यांची अवस्था अशी आहे की समोरचा संघ आलाच नाही तर बरोबरी करतील. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जन्मभर लोकांच्या तोंडात कवळ्या घातल्या आणि स्वतःची वेळ आली तर लाल संघ आठवला! पण खरं दुखणं मला ठाऊक होतं. कारखान्यात दात बसवणारी मी एकटी. बाबांना कवळी नको होती असं नाही, त्यांना माझी कवळी नको होती. ते मनात आलं की घशाखाली घास उतरायचा नाही. मग दोघंही केळंच खायचो.

मॅचेस आपल्याकडे रात्री उशिरा लागतात आणि बाबा नऊला झोपतात. म्हणून मी घरी बॉक्सवर मॅच रेकॉर्ड करायची, सकाळी पेन ड्राइव्हवर घेऊन यायची आणि ती सगळ्यांनी दुपारच्या सुट्टीत बघायची, अशी पद्धत. तोपर्यंत निकाल कोणी ऐकायचा नाही, सांगायचा नाही. पेपरातलं खेळाचं पान मावशी आल्या आल्या कापतात आणि त्यात कवळ्या गुंडाळतात. आमच्या गिऱ्हाइकांना सगळे निकाल आमच्या आधी कळतात.

या वर्षी लालांची पहिली मॅच निळ्यांशी होती. सकाळी केळं कुस्करता कुस्करता मी चोरून बघितली. सात एक. निळे सात. लालांचा तो एक गोलही निळ्यांच्याच पायाला लागून गेला होता. मी काटा वाडग्यात टाकला आणि ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. सात एक हरणारा संघ कप काय जिंकणार, कपाळ? आणि माझा बाप त्याच्या नावावर उपाशी मरणार.

कारखान्यात पोचल्यावर मी प्लास्टरला आतल्या खोलीत गाठलं. "त्या वर्षीच्या मॅचेस आहेत ना रे तुझ्याकडे?"

तो समजला. लालांनी कप जिंकला ते वर्ष आमच्या घरात कोणी मॅच बघितली नाही. आई दवाखान्यात होती आणि फायनलच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. मास्तर, म्हणजे बाबा, मागाहून बघतील म्हणून प्लास्टरनं सगळ्या मॅचेस रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. बाबांनी कधी मागितल्या नाहीत, त्यानं कधी विषय काढला नाही. जुन्या साच्यांच्या खणात तो पेन ड्राइव्ह अकरा वर्षं पडून होता.

"ताई, मास्तरांना कळलं तर माझं चामडं सोलतील," प्लास्टर म्हणाला.

"नाही दिलास तर मी सोलेन. मी आत्ता इथेच आहे."

दिला त्यानं. मावशींनाही सांगावं लागलं. त्यांनी मोटर बंद केली, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "कोपऱ्यात साल दिसतं गं पडद्यावर." खरंच की! मी गुलाबी मेणाची पट्टी कापली, दिव्यावर गरम केली आणि टीव्हीच्या कोपऱ्यावर चिकटवून टाकली.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"काच तडकलीय. हाताला लागेल."

बाबांनी रुमालाआडून "हं" केलं. सगळ्यांनी अंदाज कोरले, वाट्या घातल्या, मॅच सुरू झाली, आणि बर्फावर लालांसमोर पिवळे उतरले.

"आज निळे होते ना?" बाबा.

माझी दातखीळ बसली. प्लास्टर पुढं झाला. "निळ्यांची पोटं बिघडली, मास्तर. मॅच पुढं ढकलली."

"अख्ख्या संघाची?"

"एकत्र जेवतात ना ते."

बाबांनी परत "हं" केलं. कॉमेंट्री कुठल्यातरी भाषेत होती, ती तशीही आम्हाला कळत नाही. लाल असे खेळले म्हणता! विसाव्या मिनिटाला नऊ नंबरनं गोल मारला, काठी वर केली आणि कॅमेऱ्यात बघून मोठ्ठा हसला. बत्तीसच्या बत्तीस दात. माझ्या हातातली मेणाची सुरी खाली पडली.

कारण बाबांच्या खुर्चीशेजारी भिंतीवर या वर्षीच्या लाल संघाचा फोटो लावलेला होता. त्यात मध्यभागी कप्तान, नऊ नंबर, वय वर्षं तेहतीस, आणि वरचे पटाशीचे चारही दात गायब. टीव्हीवरचा नऊ नंबर बावीस वर्षांचा होता. हा एकच माणूस दोन्हीकडे असावा आणि तोच हसावा! बाबा खुर्चीत पुढं झुकले. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग मागं टेकले. लाल चार दोननं जिंकले.

पुढचे दहा दिवस आम्ही तिघांनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. मोठी अडचण प्लास्टरची होती. सगळे निकाल अकरा वर्षांपूर्वी लागलेले, मॅचेस यानंच रेकॉर्ड केलेल्या, तरी हा पठ्ठ्या वाद घालायचा. हिरव्यांच्या मॅचला तर हट्टालाच पेटला. "हिरव्यांचे दात बघा, मोत्यासारखे आहेत. हिरवे जिंकणार!" मी टेबलाखालून लाथ मारली तरी कोरलंच त्यानं, "हिरवे." वाट्या उचलल्या. लाल जिंकलेले. मावशींनी गोलांसकट बरोबर लिहिलेलं.

"ही फसवणूक आहे!" प्लास्टर ओरडला. "मावशींना आठवत होतं!"

मी टेबलाखालून पुन्हा लाथ मारली.

"काय आठवत होतं?" बाबांनी विचारलं.

"त्यांना... त्यांना बरंच काही आठवतं," प्लास्टर म्हणाला. "या वयातही. मला त्याचं कौतुक वाटतं." आणि मुकाट्यानं सिंक घासायला गेला. नंतर त्याला आत घेऊन विचारलं, की मेल्या, तुला निकाल माहीत असताना हिरवे कसे काय कोरलेस? तर म्हणतो, "ताई, त्या वर्षीही मला वाटलं होतं हिरवे जिंकायला हवे होते. आज पुन्हा बघितलं तरी तसंच वाटलं." आता याच्यापुढं काय डोकं फोडायचं!

दुसरं संकट दातवाल्याचं. हा आम्हाला तयार दातांचे संच आणून देतो. प्रत्येक संच मेणपट्टीवर ओळीनं लावलेला, रंगाचा नंबर घातलेला. स्वभावानं गोड माणूस, पण तोंडाला झाकण नाही. उंबऱ्यातच सुरू झाला, "काय मास्तर, लाल तर गेले की घ..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. डॉक्टरीणबाईंच्या नव्या शिकाऊ मदतनिसाला दाखवायला म्हणून प्लास्टरनं मापाचा मसाला नुकताच ट्रेमध्ये भरला होता. तो ट्रे त्यानं सरळ दातवाल्याच्या तोंडात बसवला. "हलू नका. हललात तर परत घ्यावं लागेल." वरचं माप झाल्यावर लगेच खालचं घेतलं. मधल्या वेळात मी त्याला जिन्याकडे वळवून कानात सगळं सांगितलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बोलण्यानं आलं की मसाला घशात गेल्यानं, ते काही कळलं नाही.

"त्याचं माप कशाला?" बाबा म्हणाले.

"त्यांना हौस आहे," मावशी म्हणाल्या.

दातवाल्याच्या बत्तिशीचा साचा अजून आमच्या कपाटावर आहे.

सेमीफायनलला मात्र बाबांनी मला धरलंच. नऊ नंबर पाणी पिताना जवळून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "मॅच थांबव." थांबवली. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं, मग पडद्याकडे. "फोटोत चार दात नाहीत. इथं आहेत. ते कसे?"

"कवळी लावली असेल," मी म्हणाले.

"खेळताना? घशात गेली तर?"

"घट्ट बसणारी असेल, मास्तर," प्लास्टर म्हणाला. "परदेशी."

बाबा उठले, टीव्हीजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याला नाक लावलं. "डावा पटाशीचा किंचित वळलाय. कवळी बनवणारा कोणी असा वाकडा दात बसवेल?"

"आता तशी फॅशन आहे," मावशी बेधडक म्हणाल्या. "लोक मुद्दाम वाकडा मागतात. खरा वाटतो म्हणून."

मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. पण बाबा वळले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "असेल. लाव पुढं."

असेल? माझ्या कवळीत दात केसाइतका वळला तर फुली मारणारा हा माणूस, आणि याला "असेल"? मला हायसं वाटायला हवं होतं. मला भयंकर राग आला. त्या दिवशी मी अंदाज चुकलेला नसतानाही सिंक घासलं.

फायनलच्या दिवशी दुपारी अडीच वाजेपर्यंत मोटर बंद, दिवा बंद, दाराला कडी. दातवालासुद्धा आला होता, तोंडावर हात ठेवूनच बसला. बाबांनी वडी कोरायला फार वेळ घेतला. हात थरथरत होता म्हणून मी वाटी धरायला गेले, तर माझा हात झटकला. "बघू नकोस!" आणि वाटी पालथी घातली.

लाल विरुद्ध काळे. दुसरा भाग संपला तेव्हा दोन दोन. मला निकाल माहीत होता, तरी माझ्या तळव्यांना घाम सुटला होता. प्लास्टर नखं खात होता, त्याला तर प्लास्टरसकट खावी लागतात. शेवटची चार मिनिटं राहिली आणि एका काळ्याची काठी वर आली ती थेट नऊ नंबरच्या तोंडावर. खाडकन आवाज झाला. हेल्मेट बाजूला, नऊ नंबर बर्फावर पालथा. तो उठला तेव्हा हनुवटी लाल झालेली, आणि वरचे चार दात समोर बर्फावर सांडलेले. कॅमेऱ्यानं ते एकेक करून दाखवले. डावा किंचित वळलेला होता.

"अगं आई गं," दातवाला म्हणाला. दोन आठवड्यांतलं त्याचं आमच्याकडचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

नऊ नंबर बाहेर गेला नाही. तोंडात टॉवेलचा बोळा घालून परत आला आणि शेवटच्या मिनिटाला त्यानंच गोल मारला. लाल जिंकले. कप आला. त्यानं तो डोक्यावर धरला, बोळा थुंकून टाकला आणि हसला. चार दातांची खिंड, त्यातून रक्त, आणि हा सगळ्या जगासमोर तोंड भरून हसतोय. माझ्या बाजूनं खसखस आवाज आला. वळून बघते तर बाबा हसत होते. रुमाल मांडीवर पडला होता. वर्षभरानं मी त्यांचं तोंड पाहिलं. बोळकं, लहान बाळाचं असतं तसं. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सवयीप्रमाणे प्लास्टरनं वाट्या उचलायला घेतल्या. मावशी: लाल, तीन दोन. मी: लाल. प्लास्टर: काळे. (हो. काळे.) मग बाबांची वाटी. प्लास्टरनं वाचलं आणि तो वडी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"वाच की," मी म्हणाले.

"'लाल जिंकणार,'" त्यानं वाचलं. "'नऊ नंबरचे वरचे चार दात जाणार.'"

बाबांनी डोळे पुसले.

"दवाखान्यातल्या बाकावर कोणीतरी पेपर टाकून गेलं होतं," ते म्हणाले. "त्यात हा होता. कप हातात, चार दात कमी, आणि हसतोय. आत तुझ्या आईचं ते असं... मी आपला त्या फोटोतल्या हिरड्या बघत बसलो. तासभर. दुसरीकडे बघायचा धीर नव्हता मला. मॅच कशी झाली, ते काही शेवटपर्यंत कळलं नाही."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवशीच..."

"पहिला गोल झाला तेव्हाच. दात कधी परत उगवतात का गं? आणि काय ते, अख्ख्या संघाचं पोट बिघडलं!"

"मग बोलला का नाहीत?" मी उसळले. "मी रोज नवं खोटं रचून येत होते इथं! मजा बघत होतात?"

"बघायची होती मला ती स्पर्धा. तुम्ही दाखवत होतात, मी बघत होतो."

आता तोंड सुटलंच होतं तर मी सगळंच बोलून टाकलं. "लाल संघबिंघ सगळं नाटक आहे. तुम्हाला माझी कवळी तोंडात नको. तेवढं स्पष्ट सांगा, म्हणजे दुसऱ्या कारखान्यातून करून आणते."

बाबांनी आपल्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात मांडीवर थरथरत होते.

"तुझी कवळी वाईट निघाली असती तर बरंच होतं," ते म्हणाले. "फुली मारली असती, परत केली असती. पण ती नीट बसली तर मी काय करायचं? या हातांना आता दात बसवता येत नाही, सुरी धरता येत नाही. फुली तेवढी मारता येते. गेली पाच-सहा वर्षं तुझ्यावर ज्या फुल्या मारल्या ना, त्यातल्या निम्म्या उगाच होत्या. इथं बसायला काहीतरी कारण हवं की नको?"

निम्म्या! मी त्या निम्म्या कवळ्या पुन्हा पुन्हा केल्या होत्या. गळा आवळावासा वाटला आणि त्याच गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच न करता मी उभी राहिले.

तेवढ्यात प्लास्टर म्हणाला, "पण मास्तर, हा कप धरायचा का? हा अकरा वर्षांपूर्वीचा आहे."

"धरायचा म्हणजे काय!" मावशी खवळल्या. "जिंकले की नाही जिंकले?"

"जिंकले, पण आधीच जिंकले होते. मग त्यांनी वडी कोरली तेव्हाच अट पुरी झाली होती. म्हणजे तेव्हापासून ते नियम मोडून उपाशी राहिले."

"आणि या वर्षीचं काय?" दातवाल्याला राहवेना. "या वर्षी लाल शेवटून पहिले आलेत!"

"तुम्ही गप्प बसा, नाहीतर परत माप घेईन!"

वीस मिनिटं चाललं हे. बाबांनी शांतपणे ऐकलं, मग माझ्या टेबलासमोरची ती शपथेची वडी उचलली आणि चष्मा लावून वाचली. "साल लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "आळलं ते आळलं. लाल कप जिंकले, मी बघितलं." आणि नाडी आवळून, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत माप द्यायला वर डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी मागं निघाले तर म्हणाले, "तू खाली थांब. तुझं काम नंतर आहे."

कवळीला मला नऊ दिवस लागले. बाबा त्या नऊ दिवसांत माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत, मावशींना मात्र दर तासाला विचारायचे, "कुठवर आलंय?" डावा पटाशीचा दात मी किंचित वळवून बसवला. त्यांच्या तरुणपणीच्या फोटोत तो तसाच आहे.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली आणि बाबा खाली आले. गाल भरले होते. कोणाकडे न बघता खुर्चीत बसले, हात पुढं केला. मी साचा दिला. त्यांनी तो उजेडात धरला, डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला. लाल पेन्सिल उचलली. बाबांनी मागच्या दाढेखाली फुली मारली.

"इथं जरा लागतं," ते म्हणाले.

"खरंच लागतं की उगाच?"

त्यांनी मावशींच्या डब्याशेजारी सफरचंद होतं ते घेतलं आणि सालासकट चावा घेतला. असा काही आवाज आला की प्लास्टर आतून धावत आला. बाबांनी पुरं सफरचंद संपवलं. देठ आणि बिया तेवढ्या उरल्या. मग तोंड पुसून त्यांनी प्लास्टर कालवायला सांगितलं.

"आता कसला अंदाज?" प्लास्टर म्हणाला. "स्पर्धा तर संपली."

बाबांनी वडी थापली, सुरी घेतली आणि हातानं झाकायचं सोडून मुद्दाम माझ्याकडे वळवून, सावकाश, वेडंवाकडं कोरलं, "पुढच्या वर्षी लाल हरणार. बघायला मी आहे." आणि वर वाटी पालथी घातली.

मॅच संपल्याशिवाय वाटी उचलायची नाही असा नियम आहे, म्हणून ती अजून कपाटावर तशीच आहे. कालवायला आम्हाला एक वाटी कमी पडते.